आपल्या दुकानाचा सर्व्हर, आपल्या हाती चावी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला, तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. बाजारपेठेतील इतर अनेक दुकानांप्रमाणे आमच्या दुकानातही पाणी शिरले. भिजलेले तागे धुऊन, वाळवून पडेल भावात का होईना विकता आले. परंतु खतावण्या भिजल्या त्या कायमच्या गेल्या. कोणाकडे किती उधारी आहे, हे आम्हाला गिऱ्हाइकांनाच विचारावे लागले. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. ज्यांनी सांगितले नाही, त्यांना दाखवायला आमच्याकडे कागद उरला नव्हता.

त्यानंतर मालाची यादी आणि उधारीचा हिशेब इंटरनेटवर ठेवायचे आम्ही ठरवले. ओळखीच्या एका तरुणाने संकेतस्थळ तयार करून दिले. काम चांगले होते. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. संकेतस्थळाचे नाव त्याच्या नावावर, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे आणि भाड्याची आठवण करून देणारे ई-मेल त्याच्याच पत्त्यावर! भाडे भरायचे राहिले आणि एके दिवशी सगळे बंद पडले. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. वही आमची होती, पण ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवून किल्लीही आम्हीच त्याच्या हाती दिली होती.

दोनदा नुकसान सोसल्यावर हे काम आम्ही स्वतः शिकलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असलेला हात वयाच्या पन्नाशीनंतर डावीकडून उजवीकडे इंग्रजी हुकूम टंकू लागला. अवघड गेले, पण जमले. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनाही ते जमावे, म्हणून हा धडा येथे देत आहोत.

चार थर कोणते?

सर्व्हर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. जो संगणक रात्रंदिवस चालू राहतो आणि इतर संगणकांनी किंवा मोबाइलने मागितलेली माहिती देतो, तो सर्व्हर. त्यावर चार थरांचे सॉफ्टवेअर लागते. कापडाच्या पेढीचा दाखला घेतला तर ते चटकन समजते.

पहिला थर लिनक्स. ही पेढीची इमारत होय. भिंती, दरवाजे, कुलुपे, कोणत्या खोलीत कोणी जायचे याचे नियम, हे सर्व ते पाहते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली.

दुसरा थर अपाची. हा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकणारा माणूस. बाहेरून कोणी पान मागितले की तो ते आतून आणून देतो.

तिसरा थर मारियाडीबी. हा मुनीम. माल, दर, नावे, येणे-देणे हे सारे तो ओळीने लिहून ठेवतो आणि विचाराल ते क्षणात काढून देतो. याचा पूर्वज मायएसक्यूएल. दोन्हींचे जनक मायकेल विडेनियस. मायएसक्यूएलची मालकी मोठ्या कंपन्यांकडे जाऊ लागली, तेव्हा त्यांनी २००९ मध्ये मारियाडीबी वेगळे काढले. पहिल्याला मोठ्या मुलीचे नाव दिले होते, दुसऱ्याला धाकटीचे दिले.

चौथा थर पीएचपी. हा शिंपी. मुनिमाकडून माल घेतो आणि गिऱ्हाइकाच्या मापाने पान शिवून देतो. कराडच्या दुकानदाराने फक्त सुती कापड मागितले, तर त्याला फक्त सुती कापडाचेच पान मिळते.

अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या तिन्हींच्या पहिल्या आवृत्त्या १९९५ या एकाच वर्षी तयार झाल्या. चारही थरांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की ‘लॅम्प’ हा शब्द होतो आणि जगभर या जोडणीला त्याच नावाने ओळखतात. चारही सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि तेही रीतसर परवान्याने. आपल्याकडे अनेक दुकानांत नकली प्रतीवर संगणक चालतात. तो माल चोरीचा असतो, हे आपण जाणतो. येथे तशी लपवाछपवी करावी लागत नाही. उतरवून घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, सर्वांस मुभा आहे.

विद्या दूर नाही

हे काम पुण्या-मुंबईच्या लोकांचे, असा आपला समज असतो. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे. ही मुले लिनक्सच्या कार्यशाळा घेतात आणि नव्या विद्यार्थ्यांना शिकवतात. कराडलाही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्याच नात्यातील मुले-मुली अशा ठिकाणी शिकत असतात. त्यांना परीक्षेतले गुण विचारतो, तसे ‘हे आम्हाला शिकव’ असेही एकदा म्हणून पाहावे. आम्ही आमच्या भाच्याला तसेच म्हटले. दर रविवारी दुकान बंद झाल्यावर तो दोन तास बसत असे.

आधी जागा आणि नाव

सरावासाठी दुकानातला जुना संगणक पुरेसा आहे. दोन जीबी मेमरी असली तरी काम भागते. मात्र गिऱ्हाइकांसाठी तो वापरू नये. वीज जाते, इंटरनेट तुटते आणि आपल्या साध्या जोडणीचा क्रमांक बदलत राहतो, त्यामुळे बाहेरच्याला आपले दार सापडत नाही. शिवाय सांगलीत पुराची भीती आहेच. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आम्ही पाहिले.

म्हणून गिऱ्हाइकांसाठीचे यंत्र मुंबईसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावे. लहान दुकानाला एक जीबी मेमरीचे यंत्र पुरते. त्याचे भाडे महिना पाचशे ते हजार रुपयांच्या घरात असते. घेताना ‘उबुंटू सर्व्हर’ची एलटीएस आवृत्ती निवडावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षे तिची दुरुस्ती मोफत मिळते.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलने आणि स्वतःच्या मोबाइलने घ्यावे. २०१४ पासून शेवटी ‘डॉट भारत’ असलेले देवनागरी नावही घेता येते. काम कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेन, सर्व्हरचे खाते आणि पासवर्ड या तीन गोष्टी मालकाच्याच ताब्यात हव्यात. दुकानाचा भाडेकरार आपण नोकराच्या नावावर करत नाही, तसेच हे आहे.

उभारणीच्या पायऱ्या

खाली हुकूम देवनागरीत छापले आहेत. टंकताना ते इंग्रजी लहान अक्षरांत टंकावेत. प्रत्येक हुकमाच्या आधी ‘सुडो’ लावायचे असते. त्याचा अर्थ ‘मालकाच्या अधिकाराने’.

पहिली पायरी: झाडलोट. ‘एपीटी अपडेट’ हा हुकूम मालाची ताजी यादी आणतो आणि ‘एपीटी अपग्रेड’ जुने बदलून नवे बसवतो. नवीन इमारतीत शिरताना आधी हे करावे.

दुसरी पायरी: कुलूप. लिनक्समध्ये ‘यूएफडब्ल्यू’ नावाचा पहारेकरी आहे. कोणते दार उघडे ठेवायचे, हे त्याला सांगावे लागते. दूरवरच्या यंत्रात आपण ‘एसएसएच’ नावाच्या दाराने शिरतो. म्हणून आधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’ आणि त्यानंतरच ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. पहिल्या वेळी आम्ही घाईने क्रम उलटा केला. चालू जोडणी तुटल्यावर पुन्हा आत जाता येईना. भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही शटर ओढलंत आणि किल्ली आतच राहिली.’’ यंत्र भाड्याने देणारे आपल्या खात्यात एक आपत्कालीन खिडकी देतात. त्या वाटेने शिरून ते दुरुस्त केले. दोन तास गेले, पण क्रम कायमचा लक्षात राहिला.

तिसरी पायरी: गल्ला. ‘एपीटी इन्स्टॉल अपाची२’. नावाला जोडूनच २ हा अंक टंकायचा. मग ‘यूएफडब्ल्यू अलाउ’ म्हणून पुढे अवतरणचिन्हांत ‘अपाची फुल’ लिहावे. येथे मात्र ए आणि एफ ही अक्षरे मोठी हवीत; मागच्या पायरीतल्या ‘ओपनएसएसएच’मध्येही ओ आणि शेवटची एसएसएच ही अक्षरे मोठीच. यामुळे ८० आणि ४४३ क्रमांकांची दारे उघडतात. पहिले साध्या ये-जा करण्याचे, दुसरे मोहोरबंद. आता मोबाइलवर यंत्राचा क्रमांक टंकला की अपाचीचे स्वागताचे पान दिसते. ते पान पहिल्यांदा दिसले तेव्हा आम्ही दुकानातल्या सर्वांना बोलावून दाखवले, हे कबूल करतो.

चौथी पायरी: मुनीम. ‘एपीटी इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर’. पाठोपाठ ‘मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन’ हा हुकूम चालवावा. तो काही प्रश्न विचारतो. निनावी वापरकर्ते काढायचे का? चाचणीची वही काढायची का? बाहेरून मालकाला प्रवेश बंद करायचा का? तिन्हींना ‘होय’ म्हणावे.

मग आपली वही तयार करावी. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, अक्षरांचा संच ‘यूटीएफ८एमबी४’ हाच ठेवावा. जुन्या पद्धतीच्या संचात मराठी आणि उर्दू नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात आणि एकदा तशी साठवली की मूळ नाव परत मिळत नाही. दुसरी गोष्ट, संकेतस्थळासाठी वेगळा वापरकर्ता करावा आणि त्याला फक्त त्या एका वहीत वाचण्या-लिहिण्याचा अधिकार द्यावा. मुनिमाला तिजोरीच्या सर्व किल्ल्या आपण देत नाही.

पाचवी पायरी: शिंपी. ‘एपीटी इन्स्टॉल पीएचपी’ आणि त्याच ओळीत ‘लिबअपाची२-मॉड-पीएचपी’ व ‘पीएचपी-मायएसक्यूएल’. पहिला जोड पीएचपीला अपाचीशी बांधतो, दुसरा मुनिमाशी. चाचणीसाठी ‘पीएचपीइन्फो’ दाखवणारी लहानशी फाइल करतात. चाचणी झाली की ती लगेच पुसून टाकावी. आपल्या यंत्राचा सगळा नकाशा तीत असतो आणि चोराला तो आयता मिळतो.

सहावी पायरी: मोहोर. गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये, यासाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्याला पैसे पडत. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते सर्वांना मोफत देते. ‘सर्टबॉट’ नावाचे साधन ते आणून बसवते. त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते, पण सर्टबॉट स्वतःच नूतनीकरण करतो. मात्र डोमेनचे आणि यंत्राचे भाडे आपल्यालाच भरावे लागते. दोन्ही तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात.

सातवी पायरी: आपली पाने. ही ‘व्हार’ या कप्प्यातील ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि त्यातील ‘एचटीएमएल’ या कप्प्यात ठेवतात. पाने कोणाकडून लिहून घेतलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: ‘‘गिऱ्हाइकाने चौकटीत टंकलेला मजकूर जसाच्या तसा मुनिमाच्या हुकमात जातो का?’’ उत्तर ‘हो’ असेल, तर काम परत करा. त्या चौकटीत नावाऐवजी हुकूम टंकून संपूर्ण वही पळवता येते. मजकूर आणि हुकूम वेगळे ठेवण्याची सोय पीएचपीत आहे. ती वापरायलाच हवी.

नक्कल साताऱ्याला

येथपर्यंत पोहोचणारे बरेच असतात. खरे काम यापुढे आहे. यंत्र बिघडेल, भाडे चुकेल, कोणी घुसखोर येईल. तेव्हा वहीची नक्कल हाताशी नसेल, तर आमची २०१९ ची गत होईल.

आमच्या धाकट्या बंधूंचे दुकान साताऱ्यात आहे. सांगलीपासून अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. सर्व्हरवर ‘क्रॉन’ नावाचा वेळापत्रकाचा शिपाई असतो. तो रोज रात्री दोन वाजता ‘मारियाडीबी-डंप’ या साधनाने संपूर्ण वहीची नक्कल काढतो आणि दाबून लहान करतो. सकाळी साताऱ्याचे दुकान उघडले की तेथील संगणक ती नक्कल ओढून नेतो.

सर्व्हरने ती साताऱ्याला पाठवण्याऐवजी साताऱ्याने ओढून नेण्यात एक शहाणपण आहे. सर्व्हरला साताऱ्याच्या कपाटाची किल्लीच दिलेली नाही. त्यामुळे सर्व्हरवर चोर शिरला, तरी साताऱ्याच्या नकला त्याला पुसता येत नाहीत. शिवाय साताऱ्याच्या साध्या जोडणीचा क्रमांक बदलत राहिला, तरी या व्यवस्थेत काही अडत नाही.

एवढे करून आम्ही निश्चिंत झालो आणि तेथेच फसलो. मधल्या काळात आम्ही मुनिमाचा पासवर्ड बदलला, पण नकलेच्या हुकमात जुनाच राहिला. रोज नवी फाइल साताऱ्याला जात होती. चाळीस दिवसांनी बंधूंनी सहज विचारले, ‘‘भाईजान, या सगळ्या फायली २० बाइटच्याच कशा?’’ दाबलेल्या रिकाम्या फाइलीचा आकार तेवढाच असतो. चाळीस दिवस आम्ही कोरी पाने साताऱ्याला धाडत होतो. त्या काळात यंत्र बिघडले नाही, हे नशीब.

तेव्हापासून नियम केला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी साताऱ्यातील नक्कल दुकानातल्या जुन्या संगणकावर उतरवायची, वही उघडायची आणि पाच गिऱ्हाइकांची बाकी ताडून पाहायची. जी नक्कल उघडून पाहिली नाही, ती आम्ही जमेस धरत नाही.

दुरुस्त्यांचेही तसेच. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाची सोय सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवते. ती चालू आहे ना, हे पाहावे. तरीही महिन्यातून एकदा आत शिरून स्वतः नजर टाकावी. सॉफ्टवेअर मोफत आहे, देखभाल मोफत नाही. ज्याला महिन्याला तीन-चार तास देणे जमणार नाही, त्याने स्वतःचा सर्व्हर उभारू नये. मोजकाच माल असणाऱ्याला मोबाइलवरची यादी पुरते. त्यात कमीपणा काही नाही.

कोणाला उपयोग?

आमच्याकडे सर्वात मोठा फरक पडला तो ईद, दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत. पूर्वी विटा, तासगाव, कराडचे दुकानदार दिवसभर फोन करत: अमुक रंगाचे तागे किती आहेत, दर काय? आता ते पान उघडून पाहतात आणि ठरवूनच फोन करतात. उधारीचा आकडाही दोन्हीकडे एकच दिसतो, त्यामुळे वाद होत नाही.

कारागिरांनाही यात वाट आहे. मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे कारागीर पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आले आहेत, पण दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत वाद्य अनेकदा दुकानदारामार्फतच पोहोचते. कारागिराचे स्वतःचे पान असेल, त्यावर प्रत्येक वाद्याचा क्रमांक, भोपळ्याचा आणि लाकडाचा तपशील असेल, तर अस्सल माल कोणाच्या हातचा, हे घेणाऱ्याला थेट कळेल.

एक जबाबदारीही ओळखावी. गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक, पत्ता, त्याची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि ती कोणाला विकू नये. उधारीचे पान पासवर्डाशिवाय उघडता कामा नये. गावात एखाद्याची बाकी चव्हाट्यावर आली, तर त्याची अब्रू जाते आणि आपले गिऱ्हाईकही.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी आज एवढेच करावे. संकेतस्थळ आधीच असेल, तर डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे विचारून घ्यावे. नसेल, तर पोटमाळ्यावरचा जुना संगणक खाली काढून त्यावर उबुंटू बसवावे आणि पहिल्या पाच पायऱ्या करून पाहाव्यात. तो बिघडला तरी नुकसान काही नाही. पुसून पुन्हा बसवता येतो. आम्ही तो चार वेळा पुसला. पाचव्या वेळी चालला.